आंबा घाटासाठी स्टेपनी

"हिच्या भरवशावर आंबा घाट उतरायचा?" मामांनी विचारलं.

गाडीची डिकी उघडी होती. आतली चटई, जॅक, पाना सगळं काढून त्यांनी अंगणातल्या फरशीवर मांडलं होतं आणि स्टेपनी उचलून भिंतीला टेकवली होती. आमच्या गाडीची स्टेपनी इतर चार चाकांसारखी नव्हती. बारीक, जवळजवळ मोटारसायकलच्या चाकासारखी दिसणारी. मधोमध पिवळा स्टिकर होता, ऐंशीच्या वर गाडी हाकू नये असं सांगणारा. पंक्चर झालं तर दुकानापर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम.

"मामा, नवीकोरी दिसते की. एकदाही लावलेली नाही."

"म्हणूनच बघायची राहिली." त्यांनी अंगठ्याचं नख रबराच्या कडेवर दाबलं. तिथं बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. "गाडीइतकीच जुनी आहे ही. रबर नुसतं पडून राहिलं तरी वाळतंय. चल, कोल्हापूरला जाऊन येऊ."

मामा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. आमच्या भागात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. इचलकरंजीतल्या एका सूतगिरणीत हजेरी ठेवण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, फार न बोलणारे. घरात आत्या बोलायच्या आणि ते ऐकायचे, असंच मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते.

गाडी माझ्या नवऱ्याची, शीतलची. एका डॉक्टरांकडून त्यानं ती जुनी विकत घेतली होती आणि रविवारी तासन् तास ती पुसत बसायचा. त्याला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात संपलं सगळं. त्याच्या मागे घरात आम्ही चौघं राहिलो. मामा, आत्या, मी आणि सहा वर्षांची पूर्वा.

मी फार्मसी शिकलेली. रत्नागिरीच्या एका खासगी इस्पितळात मला नोकरी मिळाली होती आणि मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. नोकरी घ्यायलाच हवी, याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. शीतलच्या आजारपणात साठवलेलं सगळं गेलं होतं आणि मामांच्या पेन्शनवर चार माणसं किती दिवस निघणार?

पण ज्या रविवारी मी ही बातमी सांगितली, त्या दिवशी आत्या म्हणाल्या, "तू जा. पोरगी इथं राहू दे."

शीतलचे थोरले काका आले होते. त्यांनी मान डोलावली. माझे वडील आणि भाऊ सांगलीहून आले होते, त्यांनीही डोलावली. परकं गाव, इस्पितळाच्या पाळ्या, तिला बघणार कोण? पहिलीचं वर्ष इथंच होऊ दे, तू तिथं बस्तान बसव, पुढचं पुढं बघू. सगळे प्रेमानंच बोलत होते. मामा मात्र खिडकीशी बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि "बरं" म्हटलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मामा सहज बोलल्यासारखं म्हणाले होते, "जाताना शीतलची गाडी घेऊन जा. इथं उभी राहून गंजेल." तेही मी "बरं" म्हणून ऐकलं.

आणि आता निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ते स्टेपनी घेऊन बसले होते.

स्टेपनी काढल्यावर डिकीत गोल खड्डा राहिला होता. पूर्वा त्यात मांडी घालून बसली. आत्या दारात आल्या. "ऊठ गं, काळी होशील," म्हणत त्यांनी तिला काखेत हात घालून बाहेर काढलं आणि कडेवर घेतलं. ती कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती, तिचे पाय आत्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. तरी आत्या तिला तशीच घेऊन आत गेल्या.

"सूर्य मावळायच्या आत या," त्या आतून म्हणाल्या. आमच्याकडे दिवेलागणीनंतर जेवत नाहीत.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या टायरच्या दुकानात आधी गेलो. दुकानदार तरुण होता, स्वभावानं मोकळा. त्यानं स्टेपनी फिरवून टायरच्या बगलेवर दाबून उठवलेले चार आकडे दाखवले. "यातले शेवटचे दोन म्हणजे साल. झिरो तीन. पहिले दोन म्हणजे त्या सालातला आठवडा. काका, बारा वर्षं झाली याला."

"नवा टायर मिळेल?"

"या मापाचा आपल्याकडं कुणी ठेवत नाही. मागवावा लागेल. महिना-दीड महिना जाईल आणि पैसे दोन चांगल्या टायरचे पडतील."

"उद्या जायचं आहे," मामा म्हणाले.

"मग एक काम करा, जुन्यापैकीच नेहमीच्या मापाचं चाक घ्या. स्वस्तात पडेल."

त्यानं एक जाड चाक आणून डिकीच्या खड्ड्यात ठेवून पाहिलं. ते आत बसेना. वर इतकं राहिलं की डिकीचं झाकणच लागेना. मामांनी खड्ड्याची खोली हातानं मापली, वीतभर आणि दोन बोटं, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटून लक्षात ठेवली.

"असू दे मामा," मी म्हटलं. "आहे त्यात हवा भरून घेऊ. एवढ्या जवळच्या प्रवासात कुठं पंक्चर होणार आहे?"

ते माझ्याकडे न बघता दुकानदाराला म्हणाले, "जुन्या गाड्या तोडतात ते कुठं?"

त्यानं शिरोलीच्या बाजूचा पत्ता दिला. हमरस्त्यापासून आत, पत्र्याचं कुंपण घातलेल्या जागेत मोडलेल्या गाड्या एकावर एक रचलेल्या होत्या. ऊन रणरणत होतं. मालक रशीद शिकलगार पन्नाशीचे, कपाळाला ओला रुमाल बांधलेला. आमची गाडी बघितल्या बघितल्या म्हणाले, "हिची बारकी स्टेपनी होय? तीन आहेत माझ्याकडं."

त्यांनी तिन्ही आणून ठेवल्या. मामा खाली बसले, चष्मा कपाळावर चढवून नुकतेच शिकलेले आकडे शोधू लागले. पहिली आमच्याइतकीच जुनी. दुसरी त्याहून जुनी. तिसरी दोन वर्षांनी तरुण, पण तिच्या बगलेला फुगवटा होता.

"काका, एवढं काय बघताय," रशीदभाई म्हणाले. "तीस-चाळीस किलोमीटर तर जायचं असतंय हिच्यावर. पंक्चरवाला येईपर्यंत."

"आंबा घाटात कुठला पंक्चरवाला?" मामा म्हणाले. "पाऊस तोंडावर आलाय. लेकराला घेऊन ही किती वेळ उभी राहणार रस्त्यात?"

मला वाटलं, भाव पाडायला म्हणून बोलले. रशीदभाईंना मात्र ते लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि "थांबा" म्हणून गाड्यांच्या ढिगामागे गेले.

बराच वेळ ते आले नाहीत. आम्ही एका तोडलेल्या बसच्या सावलीत उभे राहिलो. मामांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून आधी मला दिली.

"तिथली खोली कशी आहे म्हणालीस?"

"बरी आहे. एका शिक्षिकाबाईंच्या घराची मागची बाजू. दोन खोल्या."

"दोन," मामा म्हणाले आणि पाणी प्यायले.

रशीदभाई एक चाक ढकलत आले. दुसऱ्याच कुठल्या तरी लहान गाडीचं, साध्या लोखंडी रिंगचं, रुंदीला आमच्या चाकापेक्षा कमी पण बारक्या स्टेपनीहून चांगलं जाड. "बोल्टांची भोकं जुळतात का बघूया. जुळली तर तुमचं काम झालं. टायर दोनच वर्षांचा आहे, गाडी ठोकली म्हणून माझ्याकडं आली." मामांनी आकडे वाचले. मग खड्ड्यात वीत घालून पाहिली, चाकाला वीत लावून पाहिली. चाक दोन बोटं वर राहत होतं. "वर प्लायवूड टाकून देतो, खाली फोमच्या पट्ट्या लावल्या की सपाट होईल," रशीदभाई म्हणाले.

भावावर थोडं मागंपुढं झालं. आमची बारकी स्टेपनी त्यांनी भंगारात घेतली, तिची रिंग चांगली होती. मला वाटलं, झालं, आता निघू. पण मामा म्हणाले, "लावून दाखवा एकदा. आणि फिरवून बघू, कुठं घासतंय का."

रशीदभाईंनी पुढचं डावं चाक काढून हे चाक लावून दाखवलं. आधी नट सैल करायचे, मग गाडी उचलायची, हे सांगितलं. जॅक कुठं टेकवायचा ती पत्र्याची घडी दाखवली. चाक हवेत मोकळं फिरलं, कुठंच घासलं नाही. नट भोकांत बरोबर बसले. मग त्यांनी ते काढून आमचं चाक पुन्हा चढवलं.

"आता तू," मामा मला म्हणाले.

"मी?"

"मग कोण?"

मी ओढणी कमरेला बांधली. पाना नटावर बसवला आणि जोर लावला, तर नट हलेना. "पायानं दाब," मामा म्हणाले. मी पान्यावर उभी राहिले, अंगाचा सगळा भार दिला, तेव्हा कुठं तो कुरकुरत सुटला. जॅक फिरवता फिरवता हात भरून आले. चाक निघालं तेव्हा ते माझ्या पोटावर आलं आणि कुर्ता काळा झाला. रशीदभाई मदतीला पुढे झाले, पण मामांनी हात आडवा केला. कसंबसं दुसरं चाक चढवलं, नट आवळले, गाडी खाली घेतली. घामानं डोळे चुरचुरत होते.

"परत एकदा," मामा म्हणाले. "आता आपलं चाक लाव."

मला राग आला. त्यांच्यावर मी कधी रागावले नव्हते. "मामा, इतकं कशाला? घाटात गाड्या असतात. कुणालाही हात केला तर थांबतात लोक. लावून देतात."

"मागच्या सीटवर पोर झोपलेली असताना अनोळखी माणसाला हात करायचा नाही," मामा म्हणाले.

पाना माझ्या हातात तसाच राहिला.

"कुठली पोर?"

"कुठली म्हणजे? पूर्वा."

रशीदभाईंना काय कळलं कोण जाणे, ते प्लायवूड कापायला म्हणून आत निघून गेले. मी जमिनीवर बसले होते, तशीच बसून राहिले. मामा समोर एका उताण्या सीटवर टेकले.

"एकटी जाणार असतीस तर एसटीनं गेली असतीस," ते म्हणाले. "सकाळची थेट गाडी आहे की. तुला गाडी घेऊन जा म्हटलं, तेव्हा कळेल असं वाटलं होतं."

"आत्यांना माहीत आहे?"

"नाही."

"काकांना?"

"त्याचं काय आहे यात."

मग मी बोलत सुटले. घरात सगळ्यांनी जे म्हटलं होतं, तेच सगळं मी त्यांना म्हटलं. माझी दुपारची पाळी असेल तेव्हा ती कुठं राहील? तिला ताप आला तर? नवी शाळा, नवी मुलं, ती रडेल, रात्री आजी लागते तिला. मामांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"घरमालकीण शिक्षिका आहे म्हणालीस," ते म्हणाले. "शाळा घरापासून जवळ आहे, असं मागं एकदा म्हणालीस. पोरगी इथंच राहणार होती, तर तू तिथल्या शाळेची चौकशी कशाला केलीस?"

काळ्या हातांनीच मी तोंड झाकलं आणि रडले. शीतल गेल्यानंतर घरात कधीच एकटं रडता आलं नव्हतं, प्रत्येक वेळी आत्यांना सावरावं लागायचं. मामांनी मला गप्प केलं नाही. बाटलीत उरलेलं पाणी माझ्या हातांवर ओतलं.

"शीतल पाचवीत गेला तेव्हा मी त्याला गुरुकुलात ठेवला," ते थोड्या वेळानं म्हणाले. "गिरणीत तीन पाळ्या असायच्या, पगार तुटपुंजा, घरात माझे आईवडील अंथरुणाला. तिथं शिकेल, दोन वेळचं चांगलं खाईल, वळण लागेल, म्हणून ठेवला. तुझ्या आत्याला विचारलं नाही. ठरवलं, ट्रंक भरली आणि सांगितलं. तो परत घरी राहायला आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. ती त्याला जेवायला वाढायची तर तो 'बास, बास' म्हणायचा, पाहुण्यासारखा. ती ती वर्षं अजून मागते माझ्याकडं. बोलून नाही मागत. पण मागते."

"म्हणून तर पूर्वा त्यांना..."

"हो. पूर्वा आली की तिला वाटतं, ती वर्षं परत मिळाली. मला दिसतंय ते. मला काय आनंद आहे होय? पण ती वर्षं तुझी आहेत, त्रिशला. तिची तिला मी द्यायला पाहिजे होती, तेव्हा दिली नाहीत. आता तुझी काढून तिला कशी देऊ?"

"त्या ऐकतील?"

"नाही," मामा म्हणाले. ते उठले, पाना उचलून माझ्या हातात दिला. "लाव. ऊन उतरायला लागलं."

मी दुसऱ्यांदा चाक बदललं. या वेळी कमी वेळ लागला.

घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आत्यांनी ताटं घेतली होती. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, आमटी. पूर्वा त्यांच्या मांडीला टेकून जेवत होती. जेवता जेवता मामांनी ताटाकडे बघत सांगितलं, "उद्या पूर्वा तिच्या आईबरोबर जाणार आहे."

आत्यांचा हात भाकरीवर थांबला.

"सुट्टी संपेपर्यंत?"

"नाही. राहायला."

पूर्वानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला भाजी वाढली, तिला नको असतानाही. मला वाटलं, आत्या आता रडतील, ओरडतील, काकांना बोलावतील. काय बोलायचं ते मी मनात जुळवू लागले होते.

"तेव्हाही विचारलं नव्हतं तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

"आता विचारतोय," मामा म्हणाले.

"नाही. सांगताय."

आत्यांनी पूर्वाच्या ताटातल्या भाकरीचे बारीक तुकडे केले, आमटीत बुडवून तिला भरवले. ताट संपल्यावर तिचं तोंड पुसलं. मग उठून कपाट उघडलं आणि तिचे कपडे काढू लागल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू तुझं बघ." एकेक फ्रॉक त्या मांडीवर पसरून घडी घालत होत्या. थंडीचे स्वेटरही त्यांनी काढले. कोकणात स्वेटर कशाला लागतात, पण मी बोलले नाही. एका फ्रॉकची शिवण उसवली होती, ती त्यांनी खिडकीत उजेडाला धरून शिवली.

सकाळी पूर्वाला समुद्र बघायला जायचं म्हणून उत्साह होता. ती आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली. मामांनी डिकीतलं प्लायवूड हातानं दाबून पाहिलं, सामान नीट रचलं, चारही चाकांना वाकून हात लावला. आत्या दशम्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी मला दिला नाही, दार उघडून पूर्वाच्या मांडीवर ठेवला.

"आईला पण दे," त्या म्हणाल्या. "सगळ्या एकटीनं खाऊ नकोस."

"तू पण चल की," पूर्वा म्हणाली.

आत्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. दार लावलं. नीट लागलं नव्हतं, म्हणून पुन्हा उघडून जोरात लावलं. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि लगेच काढून घेतला गेला. मामा पलीकडे उभे होते. निघेपर्यंत आत्यांनी एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घाट नीट पार पडला. पूर्वा साखरप्यापर्यंत झोपली. वाटेत काही झालं नाही, आणि पुढेही त्या गाडीची स्टेपनी लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

रत्नागिरीत आमचं बरं चाललं. पहिले दोन-तीन महिने पूर्वा रोज संध्याकाळी आजीला फोन लावायला सांगायची. फोन मामाच घ्यायचे. "आत्या आहेत का?" म्हटलं की म्हणायचे, "आहे. कामात आहे." मागून भांड्यांचा आवाज यायचा. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा कळलं की त्या मामांशी बोलत नाहीत. जेवायला वाढायच्या, औषधं समोर ठेवायच्या, कपडे धुऊन घडी घालायच्या, पण बोलायच्या नाहीत. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून सांगायच्या. मामांनी कधी तक्रार केली नाही. एकदा ते एकटेच एसटीनं आमच्याकडे आले, चार दिवस राहिले, पूर्वाला रोज शाळेत सोडून आले. मी विचारलं, "आत्या अजून...?" तर म्हणाले, "बोलेल. घाई नाही."

आत्या मात्र रत्नागिरीला कधी आल्या नाहीत. आम्ही सुट्टीत गेलो की सगळं करायच्या, चकल्या, पुरणाच्या पोळ्या, पूर्वासाठी नवा फ्रॉक. पण तिला जवळ घेऊन झोपायच्या नाहीत. पहिल्या दिवाळीत पूर्वा उशी घेऊन त्यांच्या खोलीत गेली होती. "जा, आईजवळ झोप," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "झोपू दे की आत्या, चार दिवस तर आहे." त्या माझ्या कानाजवळ येऊन हळू म्हणाल्या, "चार दिवसांसाठी सवय कशाला लावायची? तिला पण, आणि मला पण."

मग पूर्वाही जाईनाशी झाली. तिच्या मैत्रिणी झाल्या, क्लास झाले, सुट्ट्या कमी पडू लागल्या. आमच्या फेऱ्या वर्षातून दोनच्या एक झाल्या.

मामा गेले तेव्हा पूर्वा सहावीत होती. सकाळी अंघोळीला गेले ते तिथंच कोसळले. फोन शेजारच्यांचा आला. आम्ही पोचेपर्यंत सगळे अंत्यविधीसाठी थांबले होते. आत्या त्यांच्या उशाशी बसल्या होत्या आणि त्यांच्याशी बोलत होत्या. "टॉवेल घेतला नव्हता तुम्ही," असं काहीतरी सांगत होत्या. "हाक मारायची होती. मी दिला असता की." तेवढंच पुन्हा पुन्हा. साडेपाच वर्षांनी.

पुढचे आठ-दहा दिवस माणसांनी घर भरलेलं होतं. मग एकेक करून सगळे गेले. त्या दिवशी संध्याकाळी, ऊन असतानाच, मी खिचडी टाकली. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसल्या होत्या. दोन दिवस त्यांनी नीट खाल्लं नव्हतं. मी पूर्वाला खुणेनं सांगितलं, तू दे, तुझं ऐकतील.

पूर्वानं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. आता ती माझ्या खांद्याला लागत होती, केस शीतलसारखेच दाट, कान त्याचेच.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही थोडं खाऊन घ्या ना."

तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मोठ्या माणसांना 'तुम्ही' म्हणायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. इस्पितळातल्या माणसांशी, घरमालकीणबाईंशी, शाळेतल्या बाईंशी ती तसंच बोलायची.

आत्यांनी मान वर केली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी मुलगी कुणाकडची आहे, ते आठवून पाहावं, तसं त्या पाहत होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला, पाट थोडा मागे ओढून नीट बसल्या आणि ताट पुढे घेतलं.

"खाते हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवलात का?"

मला वाटलं, आम्हा दोघींना विचारत असतील. म्हणून मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्या फक्त पूर्वाकडे बघत होत्या.